शेषगिरीरावांचे चार तास

ज्या माणसाच्या जबानीवरून माझी आई तुरुंगात गेली, त्याच माणसाच्या घरात मी वाढले. तंजावुरात ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक आहे, पण प्रत्येकाला अर्धीच. उरलेली अर्धी मी एकटीच सांगू शकते, आणि ज्यांना ती सगळ्यात आधी सांगायला हवी होती त्यांना मी ती फार उशिरा सांगितली.

शेषगिरीराव रेल्वेत तिकीट तपासनीस होते. उंच, किडकिडीत, कपाळावर गोपीचंदन, आणि तंजावूरच्या उकाड्यातही गळ्यापर्यंत बटणं लावलेला काळा कोट. तंजावूरहून कुंभकोणमवरून मायवरमला जाणारी सकाळची पॅसेंजर वर्षानुवर्षं त्यांच्याकडे होती. प्रवाशांशी तमिळ, वरिष्ठांशी इंग्रजी आणि घरी आपली मराठी, अशा तीन भाषा ते बोलत, आणि तिन्ही भाषांत कमीच बोलत. बायकांच्या डब्यात शिरले की ते मान वर करत नसत. समोर आलेला हात बघायचा, तिकीट घ्यायचं, चिमट्याने भोक पाडायचं, परत द्यायचं. चेहरा बघायचा नाही, हा त्यांचा नेमच होता. त्यांची बायको सरस्वती त्यांना चिडवायची, "मी कधी गाडीत भेटले तर ओळखाल का?" ते म्हणत, "हात दाखव, मग सांगतो."

आमचं घर राजवाड्यामागच्या गल्लीत होतं. माझे वडील सेतुमाधवराव सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. आई कमलाक्षी. मी त्यांची एकुलती एक, जयलक्ष्मी. सहा वर्षांची झाले तेव्हापासून मला फिट्स येत. शाळेत, देवळात, कुठंही. बाबा वाईट होते असं मी म्हणणार नाही. ते घाबरलेले होते. लोक काय म्हणतील या धास्तीत ते जगत, आणि ती धास्ती घरी येऊन रागाचं रूप घ्यायची. पाहुणे आले की मला मागच्या खोलीत कोंडत. एकदा असंच दार लावताना आईने मध्ये हात घातला. दार आपटलं आणि तिची डावी करंगळी मोडली. हाडवैद्याने बांधली, पण ती वाकडीच जुळली, बाहेरच्या बाजूला वळलेली.

मी अकरा वर्षांची होते तेव्हा बाबांना कुणीतरी कुंभकोणमच्या पलीकडच्या एका मठाची माहिती दिली. माझ्यासारख्यांना तिथं देवळाच्या आवारात ठेवून घेत. पायात साखळी घालत. देवाच्या मनात आलं तर पोर बरं होई, नाहीतर तिथंच राही. बाबा एकदा जाऊन बघून आले. आईने विचारलं, "साखळी रात्री तरी काढतात का?" बाबा म्हणाले, "मी विचारलं नाही."

एकोणीसशे सत्तावन्नचा डिसेंबर. मला कधी नेऊन सोडायचं तो दिवस ठरवायला बाबा पुन्हा जाणार होते. आदल्या दिवशी आई मला घेऊन पापनाशमजवळ तिच्या भावाच्या गावी गेली. बाबांना तिने सांगितलं होतं, "मी पापनाशमला गाडीत चढते. दोघं मिळूनच बघून येऊ." बाबांनी मान डोलावली होती.

त्या सकाळी राजम आमच्याकडे आली. राजम ही आमच्या गल्लीतल्या तीन-चार घरी स्वयंपाक करणारी विधवा बाई. आई नसल्यामुळे तिनेच कॉफी, आमच्या तोंडी काप्पी, केली, पितळी कूजात भरून झाकण घट्ट लावून बाबांच्या हातात दिली. बाबा गाडीत बसले. पशुपतिकोविल स्टेशन गेलं की काप्पी प्यायची, ही त्यांची प्रवासातली ठरलेली सवय. त्याप्रमाणे ती प्यायले. अय्यमपेट सुटल्यावर त्यांना घाम फुटला, तोंडाला फेस आला. डब्यातल्या लोकांनी शेषगिरीरावांना बोलावलं. त्यांनी बाबांचं डोकं मांडीवर घेतलं, पाणी पाजायला पाहिलं. पापनाशम यायच्या आतच बाबा गेले.

पापनाशमच्या प्लॅटफॉर्मवर त्यांना उतरवलं तेव्हा गर्दीतून आई पुढे आली आणि त्यांच्या छातीवर हात ठेवून खाली बसली. कुणीतरी विचारलं, "तुम्ही कोण?" ती म्हणाली, "यांची बायको. भावाच्या गावाहून आले. याच गाडीत चढायचं होतं."

सगळ्यांना वाटलं, हृदय बंद पडलं. पण कूजात तळाला राहिलेल्या काप्पीला वेगळाच वास होता. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की भातावरच्या किडीसाठी फवारायचं औषध त्यात आहे. हे औषध तेव्हा नवंनवं आलं होतं. काप्पी राजमने केली होती, कूजा तिने भरला होता, आणि आठवड्यापूर्वीच बाबांनी तिला सगळ्यांसमोर वाटेल तसं सुनावलं होतं. चौथ्या दिवशी पोलिसांनी राजमला पकडलं.

शेषगिरीरावांनी दुसऱ्या दिवशी ते तमिळ पेपरात वाचलं. मयताची बायको त्या वेळी भावाच्या गावी होती आणि पापनाशमला गाडीची वाट बघत उभी होती, असंही त्यात होतं. ते वाचलं आणि पेपर त्यांनी घडी करून बाजूला ठेवला. जेवले नाहीत. सरस्वतीने विचारलं तेव्हा म्हणाले, "तो हात मी पाहिला होता."

तित्ते स्टेशन सोडल्यावर बायकांच्या डब्यात त्यांनी एका तिकिटाला भोक पाडलं होतं. तिकीट धरणाऱ्या हाताची करंगळी बाहेर वळलेली होती. पापनाशमला बाबांच्या छातीवर ठेवलेला हात तोच. प्लॅटफॉर्मवर तिचं बोलणं त्यांच्या कानी पडलं नव्हतं, म्हणून त्यांना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, बाई त्याच गाडीने आली असेल असं त्यांनी धरलं होतं. आता पेपर सांगत होता की ती त्या गाडीत नव्हतीच.

तरी ते स्वतःवर विश्वास ठेवायला तयार नव्हते. दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर असताना त्यांनी तंजावूरच्या बुकिंग क्लार्कला विचारलं, मग पापनाशमच्या फाटकावरच्या माणसाला. त्या सकाळी तंजावूर ते पापनाशम तिसऱ्या वर्गाची नऊ तिकिटं गेली होती. फाटकावर जमा झालेली आठच. त्या गोंधळात एक बाई तिकीट न देता बाहेर पडली होती, किंवा बाहेर पडलीच नव्हती.

पोलिसांकडे जाण्याआधी ते आमच्या घरी आले. आम्ही सुतकात होतो. ते ओट्यावर बसले, आई दाराच्या आत. मी तिच्या पाठीमागे, खांबाला टेकून.

"अक्का, मी रेल्वेत तिकिटं तपासतो. त्या दिवशीच्या गाडीवर मीच होतो."

आईने डावा हात पदराखाली घेतला.

"तित्ते सोडल्यावर बायकांच्या डब्यात तुमचा हात मी पाहिला. मी चेहरे बघत नाही. हात मात्र माझ्या लक्षात राहतात."

आई उठली, तांदळाच्या डब्याखालून एक लहानसं तिकीट काढून आणलं आणि उंबऱ्यावर ठेवलं. त्यांच्याच चिमट्याचं भोक होतं त्याला.

"मला वाटलं होतं पोलीस येतील," ती म्हणाली. "तुम्ही आलात."

मार्गळीचा, म्हणजे धनुर्मासाचा महिना होता. पहाटे बायका देवळात जातात म्हणून तिच्या भावाच्या घरी कुणाला शंका आली नव्हती. देवळात जाते सांगून ती निघाली आणि पहिल्या बसने तंजावूरला आली. भावाच्या शेतघरातलं औषध तिच्या पदराखाली एका लहान बाटलीत होतं. बाबा प्लॅटफॉर्मवर पेपर घ्यायला उतरले होते, कूजा खिडकीशी होता. तेवढा वेळ तिला पुरला. मग ती बायकांच्या डब्यात जाऊन बसली. हे सगळं तिने त्यांना सांगितलं, एखादी पाककृती सांगावी तसं, एकामागून एक.

"राजमचं नाव मी घेतलं नाही. कुणाचंच घेतलं नाही. हृदय थांबलं म्हणतील, एवढंच मला वाटलं होतं."

"तिची म्हातारी आई रोज ठाण्याच्या पायरीवर येऊन बसते, अक्का."

"आणि माझी ही?" आईने मागे न बघता माझ्याकडे हात केला. "हिला कुणाच्या पायरीवर बसवू?"

शेषगिरीराव म्हणाले, "तुम्ही स्वतः होऊन सांगितलंत तर कोर्ट त्याचा विचार करतं. मला कायदा फार कळत नाही, पण एवढं कळतं. उद्या अकरा वाजता मी ठाण्याच्या दाराशी उभा राहतो. तुमच्याबरोबर आत येतो. तुम्ही बोला, मी नुसता हो म्हणेन."

"येते," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता मला फिट आली, आणि एक ओसरते तोच दुसरी. आई माझं डोकं धरून बसली. तिकडे ते अकरापासून ठाण्याच्या दाराशी उभे होते. राजमची आई पायरीवर होती. ती त्यांना सरकारी माणूस समजून हात जोडत होती आणि सारखं विचारत होती, "साहेब, माझ्या मुलीला आज सोडतील का?" बारा वाजले. त्यांना वाटलं, ही बाई येत नाही. ते आत गेले आणि त्यांनी जबानी दिली. ती लिहून झाली, पण इन्स्पेक्टर दौऱ्यावर होते, ते साडेतीनला परतले. चार वाजता पोलिसांची जीप आमच्या गल्लीच्या तोंडाशी आली, तेव्हा आई माझा हात धरून समोरूनच येत होती. घराला कुलूप लावलेलं होतं.

"कुठं निघालात?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

"तुमच्याकडेच," आई म्हणाली.

कोर्टात आईच्या वकिलाने खूप जोर लावला की ही बाई आपणहून गुन्हा कबूल करायला निघाली होती. दुसऱ्या बाजूच्या वकिलाने जबानीची वेळ दाखवली. दुपारी बारा. बाई चारला निघाली, म्हणजे आता सुटका नाही हे कळल्यावर. जन्मठेप झाली. बाहेर आल्यावर आईचा वकील शेषगिरीरावांना म्हणाला, "चार तास थांबला असता हो तुम्ही. सात वर्षांवर निभावलं असतं."

ते चार तास त्या माणसाने नऊ वर्षं उरावर वागवले.

आणि आता माझी गोष्ट. त्या दिवशी आम्ही ठाण्याकडे निघालोच नव्हतो. कुठंही जायला गल्लीतून बाहेर पडावंच लागतं, म्हणून पोलिसांना ते कळलं नाही. पण आईने निघताना माझी वेणी घातली होती, मला रेशमी परकर नेसवला होता, शेजारणीला किल्ली देताना म्हणाली होती, "नव्या कालव्यावर जाऊन येतो." कालव्याला तेव्हा दोन्ही काठ भरून पाणी होतं. तिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगडी आत रुतली. मी म्हटलं, "आई, मला नाही यायचं." ती म्हणाली, "मी आहे की बरोबर." तेवढ्यात जीप आली. शेजारीण पुढे कोर्टात काही बोलली नाही, तिला आईचं भलंच करायचं होतं. मला कुणी विचारलं नाही.

आईच्या भावाने मला ठेवून घ्यायला नकार दिला. फिट येणारी, त्यात खुन्याची मुलगी, त्याच्या घरी लग्नाच्या दोन मुली होत्या. निकालाच्या संध्याकाळी सरस्वती नवऱ्याला म्हणाली, "तिची आई तुमच्या बोलण्याने गेली. पोरीला घेऊन या." त्यांना स्वतःचं मूल नव्हतं. ते तसेच कोट घालून आले आणि माझी पेटी उचलली. मी त्यांच्या मनगटाला चावले. त्यांनी हात ओढून घेतला नाही.

मी त्यांना मामा आणि तिला मामी म्हणू लागले, पण ते नुसतं हाक मारण्यापुरतं. मनात त्यांच्याबद्दल राग होता. दोन महिन्यांत मामींनी मला मोठ्या इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी पांढऱ्या गोळ्या दिल्या. रोज झोपताना एक. फिट्स कमी झाल्या, मग तीन-तीन महिन्यांनी, मग वर्षाने, आणि मी सतरा वर्षांची झाल्यावर थांबल्याच. त्या गोळ्या बाबांच्या हयातीतही त्याच इस्पितळात, आमच्या घरापासून पाऊण मैलावर मिळत होत्या. हे मला ज्या दिवशी उमगलं त्या दिवशी मी न्हाणीघरात जाऊन दार लावून घेतलं. मामा बाहेर उभे होते. दार वाजवलं नाही, नुसते उभे होते.

दर तीन महिन्यांनी ते मला वेल्लूरला आईला भेटायला न्यायचे. मायवरम, विळुप्पुरम करत दीड दिवसाचा प्रवास. मी आत जाई, ते फाटकाबाहेर चिंचेच्या झाडाखाली बसत. दर वेळी शिपायाकरवी निरोप पाठवत की शेषगिरीराव आले आहेत, भेटायचं असलं तर. दर वेळी आई माझ्याकडेच बघत राही आणि शिपायाला नको म्हणून हात हलवी. बाहेर आल्यावर ते विचारत, "कशी आहे?" आणि मग थोड्या वेळाने, "काही म्हणाली का?" मी सांगत असे, "नाही."

एकदा, मी पंधरा वर्षांची असेन, मी मामींना त्यांच्याशी बोलताना ऐकलं. मामी म्हणत होत्या, "झालं ते झालं हो." ते म्हणाले, "राजम चार दिवस आत होती तेव्हा मी विचार करत राहिलो. आणि या बाईला मात्र मला चार तास देता आले नाहीत." मी तेव्हाच आत जाऊन सांगू शकत होते की मामा, ती तुमच्याकडे येत नव्हती. तुम्ही थांबला असता तर आज मी नसते. आम्ही दोघी नसतो. मी सांगितलं नाही. त्यांना दुखावं असं मला वाटत होतं. माझं सगळं गेलं, त्यांचंही काही जावं. आणि दुसरंही एक होतं. हे बोललं तर आईने मला मारायला नेलं होतं, हे मला स्वतःच्या तोंडाने म्हणावं लागलं असतं.

सहासष्टच्या पावसाळ्यात आईला कावीळ झाली. तार आली आणि आम्ही निघालो. मी तेव्हा शिक्षिकेची परीक्षा देऊन नोकरीला लागले होते. आम्ही पोचलो तेव्हा ती इस्पितळाच्या खाटेवर होती, पिवळीधम्मक, एवढीशी झालेली. तिला मी ओळखू आले. म्हणाली, "गोळ्या घेतेस ना?" मी म्हटलं, "घेते." मग ती माझं मनगट चाचपत राहिली. त्यावर बांगडी नव्हती, घड्याळ होतं. "दुखलं का गं तेव्हा?" तिने विचारलं. एवढंच. आम्ही त्या दिवसाबद्दल पहिल्यांदाच बोललो आणि तेही एवढंच. मी "नाही" म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. मामांना तिने बोलावलं नाही. दहन झालं तेव्हा ते थोडे लांब उभे होते, कोट काढून हातात घेतलेला.

परतीच्या गाडीत आम्ही समोरासमोर बसलो होतो. कुंभकोणम गेलं. दुपारची वेळ होती, खिडकीतून नुकत्याच लावलेल्या भाताची हिरवी खाचरं दिसत होती. ते म्हणाले, "चार तास थांबलो असतो तर सुटून आली असती. वर्ष झालं असतं घरी येऊन."

तेव्हा मी सांगितलं. सगळं. कालवा, किल्ली, परकर, मनगट. डब्यात माणसं होती, पण आमची मराठी कुणाला कळत नव्हती. मी खाली बघून बोलत होते. बोलून झाल्यावर वर बघितलं. त्यांचा चेहरा पार रिकामा झाला होता.

"तुला तेव्हापासून ठाऊक होतं?"

"हो."

"शेजारणीलाही?"

"बहुतेक."

ते खिडकीबाहेर बघू लागले. पापनाशम आलं, गाडी थांबली, सुटली. मला वाटलं, आता ते रागावतील. मला तेच हवं होतं. शेवटी ते म्हणाले, "अकरा वर्षांची होतीस. एवढं ओझं घेऊन झोपायचीस कशी?" आणि मग त्या माणसाने, ज्याला मी कधी रडताना पाहिलं नव्हतं, तोंडावर उपरणं घेतलं. तंजावूर येईपर्यंत ते काढलं नाही.

मला वाटलं होतं, ओझं उतरलं की ते हलके होतील. तसं काही झालं नाही. त्यानंतर ते आणखीच गप्प झाले. मामींनी एकदा विचारलं, "आता तरी शांत झालं ना मन?" ते म्हणाले, "तिचे चार तास मी हिरावले असं समजत होतो तेव्हा निदान ती माझ्याकडे यायला निघाली होती, असं वाटायचं. तिला वाटलं असेल हा माणूस आपल्याला मदत करील. तेही नव्हतं म्हणजे."

अडुसष्टच्या उन्हाळ्यात, नोकरी संपायला दहा महिने उरले असताना, ते झोपेतच गेले. राजम आली होती, केस सगळे पांढरे. ती मामींपाशी बसून राहिली आणि तीन दिवस तिनेच चूल सांभाळली. मामांच्या पुतण्याने अग्नी दिला.

त्या आठवड्यात मला फिट आली, पाच वर्षांनंतर पहिल्यांदा. शुद्धीवर आले तेव्हा डोकं मामींच्या मांडीवर होतं. त्या वारा घालत होत्या. आम्ही दोघीच घरी होतो, रेल्वेचं क्वार्टर महिन्याभरात रिकामं करायचं होतं, आणि सामान बांधायला अजून कुणी हात लावला नव्हता. मामींनी विचारलं, "पाणी देऊ?" मी म्हटलं, "थोड्या वेळाने." त्या मग तशाच बसून राहिल्या.